सगळंच 'क्रिटिकल' असेल तर?

तुम्ही कधी रात्रीची ऑन-कॉल ड्युटी केली असेल, तर हे ओळखीचं वाटेल. तीन वाजता फोन वाजतो, धडपडत लॅपटॉप उघडावा तर काय, डिस्क ७० टक्के भरलीय! सकाळी पाहिलं असतं तरी चाललं असतं. यंत्राने माणसाला नेमकं कधी उठवावं, हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्याच्या इतिहासातल्या दोन गोष्टी आज सांगते.

पहिली बर्कलीची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एरिक ऑलमन 'सेंडमेल' हा ईमेल पोचवणारा प्रोग्राम लिहीत होते. त्याच्या नोंदींसाठी त्यांनी 'सिसलॉग' तयार केला आणि तो पुढे युनिक्सच्या जगात सगळीकडे पसरला. त्यातल्या तीव्रतेच्या पायऱ्या आठ: ० म्हणजे इमर्जन्सी, ७ म्हणजे डीबग. आकडा लहान तितकं संकट मोठं. पण एक बघा, कुठला संदेश कुठल्या पायरीवर ठेवायचा हे ठरवतो प्रोग्राम लिहिणारा. तो संदेश पाहून काम करायचंय त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

याची किंमत काय असू शकते, ते दुसऱ्या गोष्टीत दिसतं. ती सर्व्हरची नाही, तेलशुद्धीकरण कारखान्याची आहे. २४ जुलै १९९४, वेल्समधलं मिलफर्ड हेवन. सकाळी विजांच्या वादळामुळे टेक्साकोच्या रिफायनरीचं काम विस्कळीत झालं आणि सुमारे पाच तासांनी स्फोट झाला. २६ जण जखमी झाले. सुदैवाने कोणी दगावलं नाही. ब्रिटिश सरकारच्या चौकशीत कळलं की शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. म्हणजे साधारण अडीच सेकंदाला एक! आणि यंत्रणेतल्या २,०४० अलार्मपैकी ८७ टक्के 'हाय प्रायॉरिटी'चे होते. एक झडप बंद असताना पडद्यावर ती उघडी दिसत होती. ही चूक पकडायला लागणारी सवड त्या गोंगाटात मिळणार कुठून?

अशा प्रत्येक अलार्ममागे कुणाचातरी 'असू दे, सावध राहिलेलं बरं' हा विचार असतो. एकेकटा तो चूक नसतो. पण सगळ्यांची बेरीज घातक होते.

१९९९ मध्ये 'ईमुआ' या ब्रिटनमधल्या औद्योगिक संघटनेची अलार्मविषयक मार्गदर्शिका आली. तिच्यातलं प्रमाण आजही सांगितलं जातं: सुमारे ५ टक्के अलार्म वरच्या पातळीचे, १५ टक्के मधल्या, उरलेले ८० टक्के खालच्या. पातळी ठरवायची ती दोन प्रश्नांवर: दुर्लक्ष झालं तर नुकसान किती, आणि हालचाल करायला वेळ किती?

आता तुमच्याकडे या. प्रोमिथियसमध्ये अलर्टच्या नियमाला 'सिव्हिरिटी'चं लेबल लावता येतं. मग अलर्टमॅनेजर ते लेबल पाहून 'क्रिटिकल' फोनवर, 'वॉर्निंग' टीमच्या चॅनेलवर पाठवू शकतो. हे जमवायला दहा ओळी पुरतात. अवघड आहे ते लेबल लावणं. म्हणून नियम लिहिताना स्वतःला विचारा: हा वाजल्यावर उठलेला माणूस त्या क्षणी काय करणार? उत्तर 'काही नाही, फक्त बघणार' असं असेल, तर तो 'क्रिटिकल' नाही. त्याला झोपू द्या.