विंग, लॉर्ना
विंग, लॉर्ना : (७ ऑक्टोबर १९२८ – ६ जून २०१४). ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम ही ठरावीक लक्षणांची एकसाची अवस्था नाही. तिची रूपे व तीव्रता व्यक्तीगणिक बदलतात, हे त्यांनी पाहणीच्या आधारे दाखवून दिले. ‘स्वमग्नतेचा वर्णपट’ ही आज रूढ असलेली कल्पना मुख्यतः त्यांच्या कामातून आली.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यात जिलिंगम येथे झाला. माहेरचे आडनाव टॉल्चर्ड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकत असताना त्यांची जॉन विंग यांच्याशी ओळख झाली आणि पुढे विवाह झाला. जॉन हेही नामवंत मनोविकारतज्ज्ञ होते. १९५६ साली जन्मलेली त्यांची एकुलती मुलगी स्वमग्न असल्याचे ती लहान असतानाच कळले. आईबापांच्या, विशेषतः आईच्या, कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असे मत त्या काळी प्रबळ होते. अशा मुलांना सोयीच्या शाळाही नव्हत्या. लॉर्ना यांनी आपले संशोधन या विषयाकडे वळवले आणि १९६४ पासून मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या लंडनमधील सामाजिक मनोविकारशास्त्र विभागात काम केले.

१९६२ मध्ये त्यांनी इतर पालकांच्या साथीने एक संस्था स्थापन केली. तीच पुढे नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. संस्थेने १९६५ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात स्वमग्न मुलांची शाळा सुरू केली. सिबिल एल्गर या तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका.

कॅम्बरवेल पाहणी : मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या वर्णनातून स्वमग्नतेची व्याख्या मांडली होती. विंग आणि मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील १५ वर्षांखालील मुलांची पाहणी केली. केवळ कॅनर यांच्या वर्णनात बसणारी मुले त्यांनी शोधली नाहीत. आरोग्य, शिक्षण व समाजसेवा यांच्या नोंदीतील विशेष गरजा असलेली मुले तपासली. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॅनर यांच्या वर्णनाशी जुळणारी मुले दर १० हजारांत सुमारे ५ होती, तर सामाजिक देवाणघेवाणीत गंभीर अडचण असलेली २१ होती. सामाजिक संबंध, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींतील अडचणी एकत्र आढळत. हे ‘लक्षणत्रय’ निदानाचा पाया ठरले. इतरांपासून अलिप्त राहणारी, निष्क्रियपणे इतरांना स्वीकारणारी आणि आपणहून पण विचित्र रीतीने जवळ येणारी असे मुलांचे तीन गटही त्यांनी नोंदवले. जुनी व्याख्या इतकी अरुंद होती, की मदतीची गरज असलेली बहुसंख्य मुले तिच्या बाहेर राहत होती, हा या पाहणीचा सर्वांत महत्त्वाचा धडा.

ॲस्पर्गर सिंड्रोम : व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांचा अशाच मुलांवरील १९४४ चा जर्मन लेख इंग्रजी जगात जवळजवळ अज्ञात होता. विंग यांनी १९८१ मध्ये ३४ रुग्णांच्या आधारे लिहिलेल्या लेखामुळे ‘ॲस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. भाषा व बुद्धी चांगली असूनही सामाजिक व्यवहारात अडखळणाऱ्या व्यक्ती त्यामुळे तज्ज्ञांच्या लक्षात आल्या. मात्र हा वेगळा विकार नसून त्याच वर्णपटाचा भाग आहे, असे त्यांचे मत होते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९९४ मध्ये ते स्वतंत्र निदान ठरले आणि २०१३ मध्ये पुन्हा वर्णपटात विलीन झाले.

१९९१ मध्ये गूल्ड यांच्यासह त्यांनी ब्रॉम्ली येथे निदान केंद्र सुरू केले. पुढे त्याला लॉर्ना विंग यांचेच नाव देण्यात आले. तेथे विकसित झालेल्या ‘डिस्को’ या मुलाखत-पद्धतीत व्यक्तीचा बालपणापासूनचा विकास, तिची कौशल्ये आणि गरजा तपशिलाने नोंदवल्या जातात. पालक व व्यावसायिकांसाठी त्यांनी सोप्या भाषेत लिहिलेले ‘द ऑटिस्टिक स्पेक्ट्रम’ हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये त्यांना ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

पालकांवरचा दोषारोप खोडून काढणे आणि निदानाचे दार रुंद करणे ही विंग यांची मोठी कामगिरी. वर्णपटाची कल्पना कायद्यातही दिसते : भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ अपंगत्वांत स्वमग्नता ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या नावाने नोंदलेली आहे.