मेरीच्या हातचं आईस्क्रीम

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी एक शब्द असायचा, मुदतीचा ताप. एकवीस दिवसांची मुदत घेऊन आलेला पाहुणाच जणू! तो गेला तर पोर वाचलं, नाही तर देवाची मर्जी. पुस्तकी मराठीत त्याला विषमज्वर म्हणतात आणि डॉक्टर म्हणतात टायफॉइड. हा ताप येतो तो तोंडावाटे, म्हणजे पाण्यातून आणि अन्नातून. पण तो एखाद्या ठणठणीत माणसाच्या हातूनही येऊ शकतो, हे जगाला ज्या बाईमुळे नीट कळलं, तिची ही कहाणी आहे.

१९०६ सालचा उन्हाळा. न्यूयॉर्कमधले एक श्रीमंत बँकर चार्ल्स वॉरन यांनी ऑयस्टर बे या गावी समुद्राजवळ बंगला भाड्यानं घेतला होता. घरात नोकरांसह अकरा माणसं. ऑगस्टच्या अखेरीस त्यांतल्या सहा जणांना टायफॉइड झाला. टायफॉइड म्हणजे गलिच्छ वस्तीतला रोग, अशी तेव्हाची समजूत. तो या टुमदार बंगल्यात आला कुठून? बंगल्याच्या मालकाला धास्ती पडली, की आता इथे भाडेकरू यायचा नाही. त्यानं जॉर्ज सोपर नावाच्या सॅनिटरी इंजिनिअरला शोध घ्यायला सांगितलं.

सोपरनं पाणी तपासलं, दूध तपासलं. समुद्रावरून येणाऱ्या तिसऱ्यांवर संशय घेतला. काहीच जमेना. मग त्याच्या लक्षात आलं, की साथ सुरू होण्याच्या तीनेक आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि आता ती नोकरी सोडून गेली होती. तिचं नाव मेरी मॅलन. जन्म १८६९ चा, आयर्लंडमधला. पोटासाठी लहान वयातच अमेरिकेत आलेली. हाताला चव असलेली, कष्टाळू बाई. सोपरनं तिच्या आधीच्या नोकऱ्यांचा माग काढला. आठांपैकी सात घरांत ती असताना टायफॉइड झालेला होता. एकूण बावीस रुग्ण आणि एका मुलीचा मृत्यू.

आता कुणी म्हणेल, स्वयंपाक तर चुलीवर शिजतो, मग जंतू मरायला नकोत का? मरतात. पण मेरीची खासियत होती ताज्या पीच फळांचे तुकडे घातलेलं आईस्क्रीम. कच्ची फळं, हातानं कापलेली, वर गारवा. जंतूंना याहून चांगली सोय कोणती?

१९०७ च्या मार्चमध्ये सोपर तिला भेटला आणि मलमूत्राचे नमुने मागू लागला. मेरीनं मांस कापायचा काटा उगारून त्याला घराबाहेर काढलं. तिचा राग समजण्याजोगा होता. तिला स्वतःला कधी टायफॉइड झाल्याचं आठवत नव्हतं, आणि एक परका गृहस्थ येऊन सांगतो की तू माणसं मारतेस! अखेर आरोग्य खात्याच्या डॉ. जोसेफिन बेकर पोलीस घेऊन गेल्या. पाच तास शोधाशोध झाली, तेव्हा कुठे मेरी सापडली. तपासणीत तिच्या विष्ठेत टायफॉइडचे जंतू भरपूर निघाले.

टायफॉइड होऊन गेलेल्या शंभरातल्या सुमारे तीन-चार जणांच्या पित्ताशयात हे जंतू ठाण मांडून बसतात. माणूस निरोगी दिसतो, पण त्याच्या शरीरातून जंतू बाहेर पडत राहतात. शौचाहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत, की ते अन्नात जातात. अशा निरोगी वाहकांकडे जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी काही वर्षं आधीच लक्ष वेधलं होतं. अमेरिकेत मात्र मेरी ही पहिली ठळक ओळख पटलेली वाहक ठरली.

तिला नॉर्थ ब्रदर बेटावरच्या इस्पितळाच्या आवारात एका झोपडीवजा घरात ठेवण्यात आलं. गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षेची मुदतही नाही. १९०९ मध्ये ती सुटकेसाठी कोर्टात गेली आणि हरली. वर्तमानपत्रांनी तिला 'टायफॉइड मेरी' करून टाकलं. १९१० मध्ये नव्या आरोग्य आयुक्तांनी तिला सोडलं, एका अटीवर: पुन्हा स्वयंपाकाचं काम करायचं नाही.

मेरी कपडे धुण्याचं काम करू लागली. पण त्यात पैसे फार कमी. स्वयंपाक सोडून दुसरी कोणतीच विद्या तिला येत नव्हती, आणि ती सोडायला लावणाऱ्यांनी तिच्या पोटाची कायमची सोय केली नव्हती. १९१५ साली न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना टायफॉइड झाला, दोघे दगावले. तिथली स्वयंपाकीण 'मिसेस ब्राउन' म्हणजे नाव बदललेली मेरीच होती. या वेळी तिच्याबद्दल कुणाला फारशी सहानुभूती उरली नाही. ती पुन्हा बेटावर गेली आणि १९३८ मध्ये तिथेच वारली. आयुष्याची सव्वीस वर्षं तिनं स्थानबद्धतेत काढली. तोपर्यंत शहरात आणखी शेकडो निरोगी वाहक सापडले होते. पण एवढी वर्षं कोंडून ठेवलं गेलं ते एका एकट्या, गरीब, परदेशातून आलेल्या स्वयंपाकिणीला.

मेरीचं चुकलं का? दुसऱ्या वेळी नक्कीच चुकलं. त्या दोन मृत्यूंवर पांघरूण घालता येणार नाही. पण समाजाच्या आरोग्यासाठी एखाद्याची भाकरी काढून घ्यायची, तर त्याला दुसरी भाकरी देण्याची जबाबदारीही समाजावर येते. ती टाळली, की माणूस नाव बदलून पुन्हा त्याच चुलीशी उभा राहतो.

आज आपल्या हाती बरंच काही आहे. १९४८ पासून टायफॉइडवर गुणकारी प्रतिजैविकं आली, जरी आता काही जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. नव्या लशी आल्या. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली ही लस सरकारी कार्यक्रमातून देण्याची जगातली ती पहिली मोहीम. तरीही २०१९ या वर्षात जगभरात सुमारे नव्वद लाख लोकांना टायफॉइड झाला आणि एक लाख दहा हजार माणसं त्यात गेली, असा या संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या कायद्यानुसार खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. पण गाडीवर पाणीपुरी देणाऱ्या पोराला जवळपास स्वच्छतागृह आहे का, तिथे नळाला पाणी आणि साबण आहे का, आजारी पडल्यावर सुट्टी घेतली तर त्याची त्या दिवसाची चूल पेटते का, हे आपण विचारतो का? पुढच्या वेळी गाडीवाल्याच्या हातांकडे संशयानं पाहताना, ते हात धुवायची सोय आपल्या गावानं त्याला दिली आहे की नाही, तेही जरूर पाहावं.