नव्या स्पीकरला जोड कोणत्या अॅम्प्लिफायरची?

नगर रस्त्यावरील वाघोलीचा २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत समावेश झाला. त्याच्या आधीपासून येथे मोठमोठी गृहसंकुले उभी राहत होती. नव्या घरात स्थिरस्थावर झाल्यावर दिवाणखान्यात उत्तम दर्जाचे स्पीकर आणण्याची हौस अनेक संगीतप्रेमी भागवतात. स्पीकरची निवड सहसा चोखंदळपणे, दुकानात तासभर ऐकून केली जाते. अॅम्प्लिफायर मात्र खोक्यावरील वॅटचा आकडा पाहून घेतला जातो. चूक होते ती येथेच. तिचा भुर्दंड बहुधा नव्या स्पीकरमधील सर्वांत नाजूक भागाला, म्हणजे ट्वीटरला सोसावा लागतो. अॅम्प्लिफायर किती ताकदीचा हवा, हे स्पीकर आणि आपली खोली ठरवते. त्यामागचे गणित फारसे अवघड नाही.

वॅटचा फसवा आकडा

बाजारात वॅट दोन प्रकारांनी सांगितले जातात. ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेल्या हजारो वॅटच्या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. त्यामुळे तो विचारात घेऊ नये. ‘आरएमएस’ म्हणून दिलेली सलग शक्ती पाहावी. हा आकडा दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असतानाचा आहे का आणि तो किती ओहमला मोजला आहे, हेही विक्रेत्याला विचारावे.

वॅट वाढले म्हणून आवाज त्याच प्रमाणात वाढत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी दहापट शक्ती लागते. ५० आणि ६० वॅटच्या दोन अॅम्प्लिफायरमधील फरक एक डेसिबलही भरत नाही. केवळ त्या दहा वॅटसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्पीकरची संवेदनशीलता

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘८७ डेसिबल, १ वॅट, १ मीटर’ अशी नोंद असते. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती आवाज मिळतो, हे ती सांगते. समजा, दिवाणखान्यात आपण स्पीकरपासून तीन मीटरवर बसतो. दोन स्पीकर मिळून सुमारे ३ डेसिबलची भर पडते आणि बंद खोलीत या अंतरामुळे साधारण ६ डेसिबलची घट होते. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला, की आसनापाशी ८४ डेसिबलच्या आसपास आवाज पोचतो.

घरात मन लावून ऐकताना आवाजाची सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या जवळपास असते. त्यासाठी एक वॅटही पुरतो. तबल्याची थाप किंवा गायकाची जोरकस तान मात्र सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते. तेवढ्या क्षणापुरते प्रत्येक स्पीकरला १२ ते १६ वॅट लागतात. थोडी राखीव ताकद धरली, तर ४० ते ५० वॅटचा चांगला अॅम्प्लिफायर अशा घराला पुरेसा ठरतो. हाच स्पीकर ८३ डेसिबलचा असता, तर अडीचपट म्हणजे सुमारे १०० वॅट धरावे लागले असते.

ओहमचे गणित

दुसरी बाब स्पीकरच्या विद्युतरोधाची, म्हणजे ओहमची. समान व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो. अॅम्प्लिफायरने २० व्होल्ट दिले, तर ८ ओहमला अडीच अँपिअर प्रवाह आणि ५० वॅट शक्ती मिळते. ४ ओहमला पाच अँपिअर आणि १०० वॅट. हा प्रवाह पुरविण्याइतका अॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा भक्कम नसेल, तर तो तापतो किंवा मध्येच बंद पडतो.

शिवाय हा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरसाठी ६.४ ओहम. प्रत्यक्षात अनेक स्पीकर ही मर्यादा ओलांडतात. म्हणून किमान रोध किती, हे आवर्जून विचारावे. पुण्यातील केडन्स ऑडिओ या कंपनीने बनविलेल्या स्पीकरमध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक तंत्र वापरले होते. या तंत्रात पातळ पडदा विद्युतभाराने कंप पावतो आणि स्वर जसजसा चढतो तसतसा रोध घटत जातो. अशा स्पीकरला कमी रोध पेलणारा अॅम्प्लिफायरच हवा. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असल्यास त्यावरील ४ आणि ८ ओहमची वेगळी टोके दोन्ही जोडून पाहावीत.

कमी ताकदीचा धोका

जास्त वॅटमुळे स्पीकर जळतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लहान अॅम्प्लिफायर ताकदीपलीकडे ताणल्यानेही तो जळू शकतो. मर्यादा ओलांडली, की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. त्यातून मूळ संगीतात नसलेले उच्च कंपनांचे स्वर निर्माण होतात आणि ट्वीटरच्या बारीक वेटोळ्यावर अवाजवी भार पडतो. आवाज कर्कश किंवा चिरका वाटू लागताच व्हॉल्यूम खाली आणावा. तो कर्कशपणा हीच धोक्याची सूचना होय.

प्रीअॅम्प खरोखर हवा का?

प्रीअॅम्पची कामे मुख्यतः तीन : स्रोत निवडणे, आवाज कमीजास्त करणे आणि दुबळा संकेत वाढविणे. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्टचा संकेत देतो. पॉवर अॅम्प्लिफायर सर्वसाधारणपणे संकेत वीसपट करतो. म्हणजे ५० वॅटसाठी लागणारे २० व्होल्ट एका व्होल्टमध्येच मिळतात. अशा वेळी प्रीअॅम्पने संकेत आणखी वाढविला, तर व्हॉल्यूमचे बटण जरासे फिरवताच आवाज अंगावर येतो आणि बारीक नियंत्रण राहत नाही. एक-दोनच स्रोत असलेल्या घरासाठी दोन्ही भाग एकत्र असलेला ‘इंटिग्रेटेड’ अॅम्प्लिफायर सोयीचा व स्वस्त पडतो.

वेगळा प्रीअॅम्प घेतल्यास एक नियम पाळावा. पॉवर अॅम्प्लिफायरचा आदानरोध प्रीअॅम्पच्या प्रदानरोधाच्या किमान दहापट असावा. व्हॉल्व्हच्या प्रीअॅम्पला ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर जोडताना हे विशेषत्वाने तपासावे. अन्यथा खालचे स्वर क्षीण होतात.

जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या जपणाऱ्या घरांत मात्र फोनो प्रीअॅम्पला पर्याय नाही. तबकडीच्या सुईचा संकेत जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी खालचे स्वर दाबलेले व वरचे उठावदार केलेले असतात; फोनो प्रीअॅम्प ते पूर्ववत करतो. त्यासाठीचे ‘आरआयएए’ मानक १९५४ पासून रूढ झाले. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना ते काटेकोरपणे लागू पडत नाही आणि त्यांना सुईही रुंद टोकाची लागते.

ऐकून पाहताना

बुधवार पेठेतील तपकीर गल्ली असो वा एखादे वातानुकूलित दालन, खरेदीला जाताना आपल्या नित्य परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तानपुरा ही उत्तम कसोटी आहे. काळी एक पट्टीतील गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची असते. जवारीची झणकार मोकळी आणि खर्ज भरदार ऐकू आला, तर जोडी जमली असे समजावे. आलापीपूर्वीच्या शांततेत घुमणारा आवाज येत असेल, तर अर्थिंग व तारांची जोडणी तपासावी. शक्य असल्यास यंत्र दोन दिवस घरी आणून ऐकावे. दुकानातील खोली आणि आपला दिवाणखाना यांत मोठा फरक असतो.

जोडणी करताना अॅम्प्लिफायर बंद ठेवावा आणि स्पीकरच्या तारांची टोके एकमेकांना चिकटणार नाहीत, हे पाहावे. यंत्राच्या वर व बाजूंना हवा खेळती हवी. बंद कपाटात ते ठेवू नये.

शेजाऱ्यांचाही विचार हवाच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकेत रात्री ऐकताना अॅम्प्लिफायर एक वॅटही पुरता खर्च करीत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी कमी आवाजातही गाणे स्वच्छ, भरीव ऐकू येते का, याची खात्री करून घ्यावी. घरात वर्षानुवर्षे ऐकले जाणार आहे ते बहुतेक त्याच आवाजात.