बुरशी लागलेला मका : बांसवाडा-पंचमहाल, १९७४

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत २०० च्या वर गावांमध्ये माणसे आजारी पडली. आधी कावीळ, मग पोटात पाणी. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले १०६ दगावले. कावीळ म्हटले की दूषित पाणी किंवा विषाणू असेच आपल्या मनात येते. पण इथे गावातली कुत्रीही त्याच लक्षणांनी मरत होती. हा धागा महत्त्वाचा आहे, तो लक्षात ठेवा. माणूस आणि कुत्रा, दोघांच्या पोटात जाणारी वस्तू एकच होती : मका.

त्या वर्षी पीक काढणीला आले असताना अवकाळी पाऊस झाला. कणसे भिजली, दाणा नीट न वाळताच घरात साठवला गेला. ओलसर दाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी वाढली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तो मका तपासला, तेव्हा त्यात अफ्लाटॉक्सिन सापडले.

हे नाव तेव्हा फारसे जुने नव्हते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण कळेना, म्हणून रोगाला 'टर्की एक्स' म्हणू लागले. दोष निघाला खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीत. बुरशीच्या नावातली अक्षरे घेऊनच 'अफ्लाटॉक्सिन' शब्द बनला. अतिनील प्रकाशात निळे चमकते ते बी, हिरवे ते जी. त्यांतले बी-१ सर्वांत घातक, यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणारे.

आता तुम्ही विचाराल, लोकांनी बुरशी धुऊन, दाणे भाजून का खाल्ले नाहीत? धुतल्याने वरची बुरशी जाते, दाण्यात मुरलेले विष राहते. चुलीच्या आचेवरही ते पूर्ण नष्ट होत नाही. आणि मका फेकून द्यायचा, तर घरात दुसरे धान्य हवे. बहुतेक रुग्ण गरीब भिल्ल कुटुंबांतले होते, मका हेच त्यांचे मुख्य अन्न. माझ्या मते या घटनेत बुरशीइतकाच दोष त्या रिकाम्या कणगीचा आहे.

आज आपल्याकडे धान्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. पण ती बाजारात येणाऱ्या मालाला. घरच्या शेतातून थेट चुलीवर जाणारा दाणा कोण तपासणार? २००४ मध्ये केनियात ३१७ जण आजारी पडले, १२५ मेले. तिथेही घरी ओलसर साठवलेला मकाच होता.