लंगडा घोडा आणि त्याचे वैद्य

घोडा लंगडूं लागला म्हणजे उपाय सांगणारांची वाण पडत नाहीं. वसई रोड स्टेशनावरून वसई गांवाकडे जातांना वाटेंत पापडी लागते. 1864 सालीं या भागांत आगगाडी आली, 1867 सालीं विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. परंतु स्टेशनापासून घरापर्यंतचें अंतर पुढें कित्येक वर्षें टांग्याच्या घोड्यानेंच तोडावयाचें होतें. त्या घोड्यानें पुढचा पाय उचलून धरला कीं टांगेवाल्याच्या घरची चूल थंडावे.

आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला साळोत्री म्हणत. शालिहोत्र या आद्य आचार्याच्या नांवाचाच हा अपभ्रंश. जयदत्ताचें 'अश्ववैद्यक' आणि अग्निपुराणांतील अश्वचिकित्सा हीं त्याच परंपरेंतलीं. पण टांगेवाल्याच्या दारीं पोथी क्वचितच येई. हळदीचा लेप, निंबाच्या पाल्याचा शेक, बिब्बा, दृष्ट काढणें, आणि कशानेंच गुण न आला तर तापल्या लोखंडाचा डाग, अशी ती चढती पायरी असे. डागण्यास जुना आधारही होता. मनुष्याच्या संधि, स्नायु व अस्थि यांच्या तीव्र वेदनेवर सुश्रुतानें अग्निकर्म सांगितलें आहे.

हा केवळ आपला अडाणीपणा, असें म्हणून नाक मुरडणारांनीं जरा थांबावें. 1886 सालीं मुंबईंत परळास पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, तेव्हां खुद्द इंग्लंडांतले पदवीधर पशुवैद्यही शर्यतीच्या घोड्यांचे पाय डागीत होते, आणि ही चाल पुढें जवळजवळ शंभर वर्षें टिकली. 1983 सालीं तेथें प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखावलेली शीर डागल्यानें अधिक चांगली भरून येते असें कांहीं दिसलें नाहीं. 1991 सालीं तेथील पशुवैद्यांच्या राजसंस्थेनें हा उपाय नीतिबाह्य ठरविला.

मग इतक्या पिढ्यांना गुण आला तो कशाचा? डागलेल्या पायाचा घोडा कित्येक महिने जुंपतां येत नसे. नळीच्या हाडामागची शीर सुधारावयास तेवढा, कधीं वर्षभराचाही, काळ लागतोच. जखमेनें धन्याचे हात बांधले, आणि घोड्यास सक्तीची रजा मिळाली! खुरांत पू झाला असेल तर गोष्ट याहून सोपी; तो आपोआप फुटून वाहिला कीं दुसऱ्या दिवशीं घोडा चालूं लागतो, आणि श्रेय आदल्या संध्याकाळीं ज्यानें दृष्ट काढली त्याचें.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या घोड्यास वर्षभर तबेल्यांत उभें ठेवणें धनिकास परवडतें. एकाच घोड्यावर ज्याचें पोट, त्यानें काय करावें? तो भोळा म्हणून डागणाराकडे गेला असें मला वाटत नाहीं. सहा महिने वाट पाहण्याचा उपाय त्याच्या आवाक्यांत नव्हता, म्हणून गेला. चाबकाखालीं पुन्हां जुंपलेला घोडा मात्र लवकरच कायमचा अधू होई, आणि नुकसान दोघांचें होई.

आज लंगड्या घोड्यांस चिनी सुया टोंचतात, चुंबकाचे पट्टे बांधतात. त्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे: नुसत्या विश्रांतीनें जें झालें असतें त्याहून अधिक काय झालें? आणि त्याआधीं दुसरा : खूर पाहिला काय? लंगडेपणाचें मूळ पुष्कळदां तेथेंच असतें. दुखरा पुढचा पाय टेकतांना घोडा मान वर उचलतो. त्या पायाचा खूर दुसऱ्याहून गरम लागला, तर नालबंदाला बोलावून नुकताच ठोकलेला खिळा उपसून पाहावा.