भाकरीचा मुलूख आणि गव्हाचं पथ्य

सिलिॲक आजारावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या आजाराच्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषून घेणारं आतड्याचं अस्तर झिजत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते, रक्त भरून येत नाही, हाडं ठिसूळ होतात. उपाय एकच, जन्मभर ग्लुटेन बंद. नांदेड-लातूरच्या घरात आज हा सल्ला आला की सगळं घर हबकून जातं. पोळी नाही, पाव नाही, बिस्किट नाही, शेवया नाहीत, मग लेकराच्या डब्यात द्यायचं काय? पण याच मुलखात दोन-तीन पिढ्यांमागे रोजचं ताट जवळजवळ ग्लुटेनविरहित होतं आणि त्याला कुणी पथ्य म्हणत नव्हतं. ते ताट बदललं त्यात माणसांच्या आवडीचा वाटा थोडा होता, धान्याच्या धोरणाचा मोठा. हे पथ्य पाळण्याचा सगळा भार आज रुग्णाच्या घरावर टाकला जातो. इतिहास नीट पाहिला तर त्यातला बराचसा भार समाजाने आणि सरकारने उचलायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हापासूनच इथलं मुख्य पीक आणि मुख्य अन्न ज्वारी. तेलंगणात भात आणि मराठवाड्यात ज्वारी ही वाटणी जमिनीनेच ठरवून दिली होती. बालाघाटच्या पायथ्याची आणि मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी थंडीत पोसते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ज्वारी याच जमिनीत रुजली. एका पिकातून माणसाला दाणा आणि जनावराला कडबा मिळायचा. दाण्याच्या भाकरी, कण्या, आंबील, लाह्या, हुरडा अशा किती तरी तऱ्हा होत्या. गहूही पिकत असे, पण थोडा, आणि त्याचा मान सणाचा होता. पुरणपोळी, शेवया, खीर म्हणजे गहू. रोजची भूक म्हणजे ज्वारी. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत आजही दणक्यात साजरी होणारी वेळ अमावस्या ही जुनी व्यवस्था एका पंगतीत दाखवते. शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडवांची पूजा होते आणि मग जेवणात ज्वारी-बाजरीचे उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील आणि गव्हाची खीर. अख्ख्या पानात गव्हाचा पदार्थ म्हणावा तर ती वाटीभर खीर. वर्षातले बाकीचे दिवस कसे जात असतील, ते यावरून कळतं.

हे ताट एका दिवसात बदललं नाही. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० कायद्याखाली करार झाला आणि आयातीचा गहू देशभरातल्या रेशन दुकानांत पोचू लागला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न वाढलं, पण खरिपातलं हे पीक लवकर तयार होतं आणि परतीच्या पावसात सापडलं की दाणा काळा पडतो. ‘हायब्रीडची भाकरी’ हा शब्दच कमी चवीचा, गरिबाच्या घासाचा ठरला. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. मिलो ही ज्वारीच, पण ती नाइलाजाने गिळावी लागली, आणि त्या आठवणीने ज्वारीची पत आणखी उतरली. दुसरीकडे हरित क्रांतीतला पंजाब-हरियाणाचा गहू हमीभावाने खरेदी होऊन सरकारी गोदामांत साठत होता आणि तोच स्वस्त दराने गावोगाव येत होता. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने खरिपाची ज्वारी शेतातून जवळजवळ उठवली. लातूरची बाजारपेठ आज ओळखली जाते ती सोयाबीनसाठी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो झाला. २०१५ मध्ये मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तोच दर लागू झाला. भुकेच्या दृष्टीने हे फार मोलाचं काम होतं, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्याचा दुसरा परिणामही झाला. जो शेतकरी स्वतः ज्वारी पिकवत असे, त्याच्याच घरात विकतच्या ज्वारीपेक्षा रेशनचा गहू स्वस्त झाला.

हे ताट बदलायला लागण्याआधीच दूर युरोपात या आजाराचं कारण उलगडलं होतं. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच, असंही म्हटलं होतं. पण कोणत्या अन्नाने बिघडतं हे कुणाला माहीत नव्हतं. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना तीसच्या दशकापासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्या हालांतही सिलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये उट्रेख्टला सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी गव्हाचा दोष पुराव्यानिशी मांडला. तिकडे टंचाईने गहू ताटातून काढला आणि आजार उघडा पडला. इकडे टंचाईनेच गहू ताटात आणला, आणि तो कुणाला सोसणार नाही हे विचारायचं राहून गेलं.

भारतातला पुरावाही याच दिशेने जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडलेल्यांचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के निघालं. या आजाराला आवश्यक असलेली जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत होती. मोठा फरक होता तो खाण्यात. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येतही गहू थोडाच, तरी आजार बराच, म्हणजे गहू हे एकमेव कारण नाही. पण जनुकं असूनही दक्षिणेत आजार इतका कमी का, याचा विचार करताना गव्हाला बाजूला ठेवता येत नाही. मराठवाडा पूर्वी गहू खाण्याच्या बाबतीत दक्षिणेच्या जवळ होता आणि आता उत्तरेकडे सरकतो आहे. म्हणून सिलिॲक हा ‘तिकडचा’ आजार ही समजूत इथे आता धोक्याची आहे. जुलाब, पोट फुगणं, न हटणारा रक्तक्षय घेऊन आलेल्या मुलाची टीटीजी ही साधी रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासणं, हे डॉक्टरांच्या मनात वेळेवर यायला हवं. आणि ती तपासणी गहू बंद करण्याआधीच व्हायला हवी, नाही तर निदान हुकतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. पूर्वी आजार नव्हता कशावरून? रक्ततपासणी नव्हती, एंडोस्कोपी नव्हती. सुकत जाणाऱ्या लेकराला मुडदूस म्हणत आणि किती तरी लेकरं नाव न कळताच जात. ही गोष्ट मान्य करावीच लागते, आणि म्हणून जुना काळ निरोगी होता असा दावा मी करत नाही. दावा एवढाच आहे की ज्याच्या शरीरात हा आजार दबा धरून होता, त्याला जुनं रोजचं ताट डिवचत नव्हतं. याच आक्षेपाच्या उलट टोकाला दुसरी समजूत आहे: दोष नव्या गव्हाचा, जुना खपली गहू चालतो. ही समजूत घातक आहे. खपलीतही ग्लुटेन आहे आणि सिलिॲकच्या माणसाला तो वर्ज्यच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ज्वारी सुरक्षित आहे, तर भाकरी खावी आणि विषय संपला. पण विषय तिथे संपत नाही, कारण घरात ज्वारी परतली तरी तिच्या भोवतीची व्यवस्था परतत नाही. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकतं, असं इटलीतल्या एका प्रयोगात २००७ मध्ये दिसलं. एका पोळीत त्याच्या कित्येक पटींनी ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा लहानसा तुकडाही पुरेसा. गावच्या गिरणीत ज्याच्यावर आताच गहू दळला त्याच जात्यात ज्वारी पडते आणि पहिले काही किलो पीठ गव्हासकट बाहेर येतं. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीतूनही गहू येतो. सातूच्या पिठात गहू-जव, धपाट्यात मूठभर कणीक, पोळी लाटल्याचं पीठ पडलेली परात आणि तवा, यांतलं काहीही भाकरीचं पथ्य मोडायला पुरतं.

हे सांभाळणं खेड्यात अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना उत्तर आपल्याच चालीरीतींत आहे. एकादशीला, महाशिवरात्रीला, नवरात्रात घराघरांत उपवास असतो. उपवासाचं दळण वेगळं नेलं जातं, गिरणीवाल्याला तसं सांगितलं जातं, भगर-राजगिऱ्याला धान्याचा हात लागू नये म्हणून भांडी घासून घेतली जातात. एरवीही ‘ज्वारीवर ज्वारीच टाका’ असं बाया गिरणीत बजावतातच. धान्य धान्यापासून वेगळं ठेवण्याची शिस्त या समाजाला कुणी शिकवायला नको. श्रद्धेसाठी जे जमतं ते लेकराच्या आतड्यासाठी जमायला हवं.

तिसरा आक्षेप बायकांच्या कष्टांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिकटपणा नाही. गरम पाण्यात ते तळहाताने रगडून मळावं लागतं, एकेक भाकरी थापावी लागते, आणि पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, गेली की ती परातीतच तुटते. म्हणजे दर आठ-दहा दिवसांनी ताजं दळण आणि दर जेवणाला ताजी थापणी. हे सगळं एका आईच्या अंगावर टाकून ‘आपलं जुनं अन्नच बरं’ म्हणणं हा अन्याय आहे. घरातल्या सगळ्यांनीच भाकरी खाल्ली तर दोन स्वयंपाक टळतात. पुरुषांनी थापायला शिकलं तर आणखी भार हलका होतो. डब्याला आणि प्रवासाला सोलापूर-लातूर पट्ट्यातली कडक भाकरी आहे, ती पुष्कळ दिवस टिकते. बचत गट ती करून विकतातच. वेगळ्या परातीत, वेगळ्या दळणाची केली तर महागड्या परदेशी पाकिटांची गरज बरीच कमी होईल.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तिथे घराचे हात तोकडे पडतात. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य देण्याची तरतूद पहिल्यापासून आहे. देशाच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. मग ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते त्या जिल्ह्याच्या रेशनवर ती नियमाने का नसावी? परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखी रब्बीची वाणं दिली आहेत, खरेदीची हमी मिळाली तर शेतकरी ती पेरेल, कारण कडब्याची गरज त्याला आजही आहे. निदान झालेल्या रुग्णाच्या कार्डावर गव्हाऐवजी ज्वारी देणं, तालुक्याला एक तरी गिरणी गव्हाशिवायची ठेवणं आणि जिल्हा रुग्णालयात टीटीजी तपासणी सहज मिळवून देणं, यातलं काहीही कुवतीबाहेरचं नाही. सरकारी धोरणानेच इथल्या रोजच्या ताटात गहू आणला. ज्यांना तो सोसत नाही त्यांच्यासाठी ज्वारी परत आणणं हे त्याच धोरणाचं कर्तव्य आहे.