हैदराबाद कंटिंजंट

हैदराबाद कंटिंजंट : हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने उभारलेले, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेले लष्कर. १८१३ ते १९०३ या काळात ते अस्तित्वात होते. १८५३ पूर्वी त्यास सामान्यतः ‘निजामाची फौज’ म्हणत. ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव १८५३ च्या तहानंतर रूढ झाले. या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून गेला. त्यामुळे तिचा इतिहास केवळ लष्करी नाही. आजच्या बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती व यवतमाळ या जिल्ह्यांच्या राजकीय घडणीशीही तो निगडित आहे.

तैनाती फौज व कंटिंजंट या दोन फौजांची अनेकदा गल्लत केली जाते. तैनाती फौज ही ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याचाच भाग होती. तिचा खर्च भागविण्यासाठी निजामाने प्रथम रोख रक्कम व पुढे मुलूख दिला. कंटिंजंट हे कायद्याने निजामाचे स्वतःचे सैन्य होते. त्याचा पगार निजामाच्या खजिन्यातून होई, परंतु त्यावर हुकूम चाले तो रेसिडेंटचा. या विसंगतीतूनच पुढील सर्व वाद उद्‌भवले.

पार्श्वभूमी : १७२४ मध्ये निजामुल्मुल्क पहिला आसफजाह याने साखरखेर्डा येथे मुबारिझखानाचा पराभव करून दक्षिणेत आपली सत्ता पक्की केली. लढाईत मुबारिझखान मारला गेला व गावाचे नाव फतहखेर्डा असे ठेवण्यात आले. हे स्थळ बुलढाणा जिल्ह्यात, बीबी, मेहकर व सिंदखेडराजा यांच्या टापूत आहे. त्या काळी राज्याचे सैन्य म्हणजे मुख्यतः जहागीरदारांच्या पथकांची बेरीज असे. ज्याला जहागीर मिळे, त्याने ठरलेल्या संख्येने स्वार हजर करावयाचे, ही रीत होती. प्रत्यक्षात कागदावरील व रणांगणावरील संख्या यांत मोठे अंतर पडे.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रज या प्रसंगी तटस्थ राहिले. त्यामुळे निजामाने फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या कवायती पलटणींवर अधिक भर दिला. त्यांची संख्या सु. १४,००० पर्यंत गेली. ही फ्रेंच फौज इंग्रजांना धोक्याची वाटू लागली. मार्च १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने कंपनीच्या सहा पलटणी, म्हणजे सु. ६,००० शिपाई, बाळगण्याचे मान्य करून त्यांच्यासाठी प्रतिवर्षी २४,१७,१०० रुपये देण्याचे कबूल केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फ्रेंच पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने तैनाती फौज वाढविण्यात आली व तिच्या खर्चासाठी, म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला बल्लारी, कडप्पा इ. मुलूख निजामाने कंपनीस तोडून दिला. याच तहाच्या बाराव्या कलमान्वये युद्धप्रसंगी निजामाने आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ साहाय्यास पाठवावे, असे ठरले. कंटिंजंटचा कायदेशीर आधार म्हणून पुढे याच कलमाचा हवाला दिला गेला.

स्थापना : १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात असई, अडगाव व गाविलगड येथील लढाया निजामाच्या मुलुखालगत झाल्या. युद्धानंतर देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर १८०३) नागपूरकर भोसल्यांकडील वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामास मिळाला. तथापि या मोहिमेत निजामाचे घोडदळ व पायदळ कुचकामी ठरले, अशी इंग्रज सेनापतींची तक्रार होती. सिकंदरजाहच्या कारकीर्दीत (१८०३–२९) दिवाण मुनीरुल्मुल्क नामधारी राहिला व खरा कारभार पेशकार चंदुलाल याच्या हाती आला. चंदुलालचा आधार रेसिडेंटच्या पाठिंब्यावर होता. त्यामुळे रेसिडेंटने सुचवावे आणि चंदुलालने खजिना उघडावा, असा प्रकार सुरू झाला.

रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये हैदराबाद येथे दोन पलटणींची एक तुकडी उभारली. ती ‘रसेल ब्रिगेड’ या नावाने ओळखली जाते. तत्पूर्वी पगार थकल्यामुळे हैदराबादेतील पलटणींनी बंड केले होते. नव्या तुकडीस कंपनीच्या धर्तीवर गणवेश, बंदुका व कवायत देण्यात आली, आणि तिचा पगार नियमित मिळेल अशी व्यवस्था करण्यात आली. वऱ्हाडात पायदळाची स्वतंत्र तुकडी होती. १८१६ मध्ये घोडदळाची सुधारणा इव्हान डेव्हिस या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत रसेल ब्रिगेड होळकरांविरुद्ध लढली. १८१९ च्या आरंभी नांदेड भागातील नव्हा येथील हटकर नाईक नोवसाजी याचे ठाणे मेजर पिटमन याच्या हाताखालील फौजेने घेतले. पेशवाई नष्ट झाल्यावर मध्य भारतात व दक्षिणेत मोठा शत्रू उरला नाही. तथापि युद्धासाठी उभारलेली ही फौज शांततेतही कायम ठेवण्यात आली.

भरती, सामग्री व तळ : कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. या पद्धतीत स्वार आपला घोडा व साज स्वतः आणी आणि त्याबद्दल त्यास अधिक पगार मिळे. एखाद्या शिलेदाराचे अनेक घोडे असल्यास त्यांवर बसणाऱ्या पगारी स्वारांना बारगीर म्हणत. सरकारला घोडे विकत घ्यावे लागत नसत. मात्र दुष्काळात किंवा लढाईत घोडा दगावला, की स्वार कर्जात बुडे. पायदळात अयोध्या प्रांत व उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांचा भरणा मोठा होता; घोडदळात दख्खनी मुसलमानांचे प्रमाण लक्षणीय होते. ज्या मराठी व तेलुगू रयतेच्या साऱ्यातून ही फौज पोसली जात होती, तिला या नोकरीत फारसा वाटा मिळाला नाही. वरिष्ठ अधिकारी इंग्रज असत व त्यांचे पगार आणि भत्ते कंपनीच्या सैन्यातील समान दर्जाच्या अधिकाऱ्यांपेक्षा भारी होते.

फौजेचे मुख्य ठाणे हैदराबादनजीक बोलारम येथे होते. एलिचपूर (अचलपूर), औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबेजोगाई), लिंगसुगूर व पुढे जालना ही इतर ठाणी होत. ठाण्यांच्या या रचनेवरून फौजेचा हेतू स्पष्ट होतो. परकीय आक्रमण थोपविण्यापेक्षा देशमुख, नाईक, रोहिले, अरब व भिल्ल यांचे उठाव मोडणे आणि सारावसुलीस पाठबळ देणे, हे तिचे रोजचे काम होते. बीबी-लोणार परिसराच्या एका अंगास जालना व दुसऱ्या अंगास हिंगोली अशा दोन छावण्या होत्या. छावणीभोवती बाजारपेठ वाढे. दाणावैरण, कातडी सामान, कापड व सावकारी यांची उलाढाल होई. १९०३ नंतर छावण्या उठल्या, तेव्हा या व्यापारासही उतरती कळा लागली.

कर्जाचा फास : या फौजेचा वार्षिक खर्च सु. ४० लक्ष रुपये होता. राज्याच्या अनिश्चित वसुलीतून तो वेळेवर भागत नसे. प्रारंभी हैदराबाद येथील विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून कर्ज काढून पगार देण्यात आले. व्याजाचा दर शेकडा २४–२५ पर्यंत होता. देशी संस्थानिकांस यूरोपीयांनी कर्ज देण्यास असलेल्या कायदेशीर बंदीतून या पेढीस १८१६ मध्ये सूट देण्यात आली होती. पेढीचा एक भागीदार रंबोल्ड याचे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या घराण्याशी निकटचे संबंध होते. १८२० मध्ये रेसिडेंट झालेल्या चार्ल्स मेटकाफने हा व्यवहार उघडकीस आणला. हे कर्ज फेडण्यासाठी १८२३ मध्ये, उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून निजामास प्रतिवर्षी मिळणारी सु. ७ लक्ष रुपयांची पेशकश कायमची सोडून देण्यात आली व तिच्या मोबदल्यात एकरकमी सु. १ कोटी ६७ लक्ष रुपये घेण्यात आले. थोडक्यात, फौजेचे पगार देण्यासाठी राज्याचे एक कायमचे उत्पन्न गेले.

तरीही मूळ दुखणे कायम राहिले. पैसा अपुरा पडे तेव्हा तालुके सावकारांना व जमादारांना लावून देण्यात येत. असा मक्तेदार आपली रक्कम सव्याज वसूल करण्यासाठी रयतेवर जुलूम करी. रयत गाव सोडून जाई. आणि पुढील वर्षी वसुली आणखी घटे. १८४३ नंतर पगार थकताच कंपनीच्या खजिन्यातून रक्कम देऊन ती निजामाच्या नावे मांडण्याची प्रथा पडली. हे येणे १८५३ पर्यंत ४५ लक्षांवर पोहोचले.

१८५३ चा तह : गव्हर्नर जनरल डलहौसी याने कर्जाच्या वसुलीसाठी मुलुखाची मागणी केली. शांततेच्या काळात कंटिंजंट बाळगण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर येत नाही, हे त्याने स्वतःच्या टिपणात मान्य केले होते. परंतु इतकी वर्षे ही फौज निजामाच्या संमतीनेच चालली आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. रेसिडेंट कर्नल लो याने २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला (कार. १८२९–५७) याच्याकडून तह करून घेतला. त्यानुसार किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने असलेली फौज इंग्रज सरकारने बाळगावी आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशीव-नळदुर्ग भाग व रायचूर दुआब यांचा कारभार इंग्रजांकडे असावा, असे ठरले. या मुलुखाचे उत्पन्न सु. ५० लक्ष रुपये धरण्यात आले होते. युद्धप्रसंगी १५,००० सैन्य पुरविण्याची निजामाची जबाबदारी मात्र संपली. तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराजुल्मुल्क मरण पावला व त्याचा पुतण्या पहिला सालारजंग दिवाण झाला.

वऱ्हाडचे प्रथम उत्तर व दक्षिण असे दोन विभाग पाडण्यात आले व त्यांची ठाणी अनुक्रमे बुलढाणा व हिंगोली येथे ठेवण्यात आली. रयतेच्या दृष्टीने स्थिती चमत्कारिक झाली. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा, आणि सारा एका फौजेच्या नावाने. वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवरील गावांत एका शिवारात इंग्रजी कायदा, तर पलीकडच्या शिवारात मोगलाई, असे चित्र दीर्घकाळ टिकले.

१८५७ व त्यानंतर : जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथील कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष भडकला. पुण्याकडून आलेल्या वुडबर्नच्या सैन्याने तो मोडला. तेथून निसटलेला जमादार चिदाखान हैदराबादेत पकडला गेला. त्याला रेसिडेंटच्या स्वाधीन केल्यामुळे शहरात प्रक्षोभ उसळला व १७ जुलै रोजी तुर्रेबाजखान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. ग्वाल्हेरचे कंटिंजंट कंपनीविरुद्ध उठले असता हैदराबादचे बहुतांश कंटिंजंट मात्र इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले आणि ह्यू रोझच्या मध्य भारतातील मोहिमेत लढले. २६ डिसेंबर १८६० च्या तहाने नळदुर्ग व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, सु. ५० लक्षांचे कर्ज रद्द झाले व शोरापूरचे संस्थान निजामास देण्यात आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. सालारजंगाने कंटिंजंटच्या खर्चाची हमी म्हणून ठोक रक्कम ठेवण्याची तयारी दर्शवून वऱ्हाड परत मागितला. १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही गेला. परंतु त्यास यश आले नाही.

विसर्जन : या काळात फौजेत घोडदळाच्या चार, पायदळाच्या सहा व तोफखान्याच्या चार तुकड्या होत्या. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन व मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) यांच्यातील कराराने वऱ्हाड प्रतिवर्षी २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांस कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. १९०३ मध्ये कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपून त्याचे घोडदळ व पायदळ हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाले. तोफखाना मोडण्यात आला. त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आला. ज्या फौजेसाठी प्रांत गहाण पडला होता, ती फौज नाहीशी झाली. प्रांत मात्र परत आला नाही. १९३६ च्या कराराने निजामास ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ आणि युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हे किताब तेवढे मिळाले.

घोडदळाची परंपरा ‘डेक्कन हॉर्स’ या पथकात टिकून आहे. या पथकाने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत घोड्यांवरून चढाई केली आणि १९६५ मध्ये असल उत्तर येथे रणगाड्यांनिशी युद्ध केले. पायदळातून १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट बनली. १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट असे झाले. पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे होते. कंटिंजंटपासून अलग राहिलेले निजामाचे स्वतःचे सैन्य संस्थानाच्या अखेरपर्यंत होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या पोलीस कारवाईत पाच दिवसांत त्याने शरणागती पत्करली.

मूल्यमापन : कवायत, नियमित पगार व शिस्त या बाबतींत कंटिंजंट हे तत्कालीन संस्थानी फौजांत उजवे होते, यात शंका नाही. परंतु सैन्याचा खर्च व सैन्यावरील हुकमत या दोन गोष्टी एका हाती नसल्या, म्हणजे लहान राज्याची काय गत होते, याचेही ते उदाहरण आहे. विसाव्या शतकात ट्रान्सजॉर्डनच्या ‘अरब लीजन’चे अधिकारी इंग्रज होते, पण तेथे पैसाही ब्रिटनच देत असे आणि १९५६ मध्ये राजा हुसेनला सेनापती ग्लब यास दूर करता आले. हैदराबादेत पैसा राज्याचा व सेनापती परक्याचा होता. खर्च कमी करण्यात हुकूम करणाऱ्याचे हित नव्हते, आणि खर्च देणाऱ्यास तो कमी करण्याचा अधिकार नव्हता. या व्यवस्थेची किंमत निजामाने प्रांत गमावून दिली, आणि त्यापूर्वी चाळीस वर्षे वऱ्हाड-मराठवाड्यातील शेतकऱ्याने साऱ्याच्या रूपाने दिली.